गिरणीचा कारागीर आणि त्याची उमेदवारी

मराठींत ‘गिरणी’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. कोपऱ्यावर दळण घेऊन जावयाचें ती पिठाची गिरणी, आणि भोंगा होतांच हजारों माणसें जिच्या दरवाजांतून आंत शिरत ती कापडाची गिरणी. एकींत दाणा दळला जातो, दुसरींत सूत कातलें जातें. दोहोंत साम्य तें काय? श्रोतेहो, मौज अशी कीं, इंग्रजींतील ‘मिल’ ह्या शब्दाचीही अगदीं हीच स्थिति आहे, आणि तेथें तिचें कारण उघड दिसतें. ओढ्याच्या पाण्यानें पिठाच्या जात्याचें चाक फिरे. तसेंच चाक बसवून आर्कराइटनें १७७१ सालीं क्रॉमफर्ड येथें कापूस कातण्याचीं यंत्रें फिरविण्याचा उद्योग मांडला. चाक तेंच, दांते तेच, म्हणून नांवही तेंच राहिलें. आणि तें चाक उभारणारा माणूसही तोच होता. त्याला तिकडे ‘मिलराइट’ म्हणत. म्हणजे गिरणी घडविणारा. आपल्या कारखान्यांत त्याला कोणी फिटर म्हणतो, कोणी मेकॅनिक, कोणी नुसतेंच मिस्त्री.

ह्या माणसाला काम कसें मिळत आलें, त्याची किंमत केव्हां चढली आणि केव्हां उतरली, हें आज सांगावयाचें आहे. विषय जुना असला तरी प्रश्न घरोघरचा आहे. मुलगा दहावी झाला, हातानें वस्तु उघडून पुन्हां जोडण्याची त्याला आवड आहे, आणि कोणी ‘फिटरच्या वर्गाला घाला कीं!’ असें सुचविलें, तर शिकलेल्या घरांत क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेचें मूळही ह्या इतिहासांतच सांपडेल.

जुना मिलराइट म्हणजे अर्धा सुतार, अर्धा लोहार आणि गरज पडेल तेव्हां गवंडी. पाण्याची पातळी मोजावयाची, ओढ्यास बांध घालावयाचा, चाकाचा व्यास ठरवावयाचा, लांकडाचे दांते कोरावयाचे, आणि सारें जुळून फिरूं लागेपर्यंत तेथेंच राहावयाचें, हें सर्व एकाच माणसाचें काम असे. पुस्तकी विद्या त्याच्यापाशीं असेच असें नाहीं. पुढें कालवे खणून कीर्ति मिळविलेला जेम्स ब्रिंडले १७३३ सालीं मॅकल्सफील्डजवळ एका मिलराइटाकडे उमेदवार म्हणून राहिला. त्याला लिहितां जेमतेम येई. त्याच्या चरित्रकारांनीं एक आठवण दिली आहे. धन्यानें कागदाच्या एका गिरणीचें काम अंगावर घेतलें, पण तशी गिरणी कशी असते हेंच त्याला नीटसें ठाऊक नव्हतें. तेव्हां हा उमेदवार आठवड्याचें काम संपवून मँचेस्टरपर्यंत पायीं गेला, तेथील तशी एक गिरणी डोळ्यांनीं पाहिली, आणि सारें मनांत सांठवून सोमवारीं कामावर हजर झाला. पुढें अवघड प्रश्न पडला कीं तो दिवसचे दिवस अंथरुणावर पडून विचार करी, आणि उठे तो उत्तर घेऊनच. १७४२ सालीं त्यानें लीक येथें आपलें स्वतंत्र दुकान घातलें. उमेदवारी सात वर्षांची, पण ती पुरी केली कीं माणूस कोणाचा मिंधा राहत नसे.

अशा माणसांची संख्या थोडी आणि गरज मात्र दिवसेंदिवस वाढती. १७८६ सालीं लंडनमध्यें अल्बियन नांवाची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी सुरू झाली. तिचीं चाकें व दांते जॉन रेनी ह्या स्कॉच मिलराइटानें लांकडाऐवजीं बव्हंशीं लोखंडाचे केले. ती १७९१ सालीं जळून गेली, परंतु तोंवर लोखंडाचें युग दारांत येऊन ठेपलें होतें. जिकडे तिकडे मिलराइट हवा झाला, आणि लंडनच्या मिलराइटांनीं आपले संघ करून मजुरी वाढवून मागितली. मालकांनीं काय करावें? ते १७९९ च्या एप्रिलांत पार्लमेंटकडे अर्ज घेऊन गेले कीं, ह्या एका धंद्यांतील कामगारांचे संघ कायद्यानें बंद करा. त्याप्रमाणें विधेयकही तयार झालें. चर्चेंत विल्बरफोर्स ह्यांनीं सुचविलें कीं, एकट्या मिलराइटांसाठींच कां, सर्वच धंद्यांना हा नियम लावा. पंतप्रधान पिट ह्यांनीं ती सूचना उचलली, आणि जुलैंत सर्व कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणारा कायदा झाला. तो १८२४ सालापर्यंत टिकला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर झगडलेल्या गृहस्थाच्या तोंडून ही सूचना निघावी, हें मला नेहमींच चमत्कारिक वाटत आलें आहे. पंचवीस वर्षें साऱ्या इंग्लंडच्या मजुरांची तोंडें बांधणाऱ्या त्या कायद्याची सुरुवात ह्या मूठभर कारागिरांपासून झाली. आणि कारण एवढेंच कीं, त्यांच्यावांचून कोणाचें चालत नव्हतें.

पण संघांचीही एक दुसरी बाजू होती, ती झांकून ठेवूं नये. १८११ च्या सुमारास विल्यम फेअरबर्न हा बावीस वर्षांचा स्कॉच तरुण खाणीवरील उमेदवारी पुरी करून लंडनला आला. रेनी त्याला काम द्यावयास तयार होते, परंतु मिलराइटांच्या संघानें त्याला आंत घेतलें नाहीं, आणि संघाच्या चिठ्ठीवांचून कामावर उभें राहणें शक्य नव्हतें. हातीं कसब आहे, देणारा आहे, घेणारा आहे, आणि तरीही पोटाला काम नाहीं! तो शहराबाहेर पडला आणि पवनचक्क्यांच्या कामांवर दिवस काढूं लागला. ज्यांना सरकारनें चिरडलें तेच आपल्या दाराशीं आलेल्या परक्या पोराला दार लावून घेत होते. पुढें आपल्या देशांतही दार लावण्याचे असे प्रकार झाले. मात्र ते निराळ्या कारणांनीं.

फेअरबर्न पुढें मँचेस्टरास गेला आणि १८१७ सालीं एका भागीदाराबरोबर त्यानें एक पडवी भाड्यानें घेतली. लेथ स्वतः तयार केला, तो फिरवावयाला एक दणकट आयरिश मजूर ठेवला, आणि मग तो गिरण्यांचे दरवाजे ठोठावीत हिंडला. त्या काळीं इंजिनाची शक्ति साऱ्या गिरणीभर नेणारे शाफ्ट म्हणजे बिडाचे जाड चौकोनी वासेच असत. ते मिनिटास सुमारें ४० फेरे घेत, आणि त्यांवर बसविलेलीं लांकडी पिंपें कित्येक फूट व्यासाचीं असत. फेअरबर्नच्या ध्यानांत आलें कीं, तीच शक्ति दुप्पट वेगानें नेली तर शाफ्टवर पडणारा पीळ निम्मा होतो, म्हणून शाफ्ट बारीक चालेल. त्यानें घडीव लोखंडाचे हलके, गोल शाफ्ट बसवून त्यांना मिनिटास १०० व त्याहून अधिक फेरे दिले. भिंतींवरचा भार कमी झाला, तेल कमी लागूं लागलें, कोळसा वांचला. थोड्याच वर्षांत मँचेस्टरच्या मोठमोठ्या गिरण्या त्याच्याकडे येऊं लागल्या. दार लावून घेणाऱ्या लंडनच्या संघाला ह्याची वार्ता लागली असेल तर त्यांना काय वाटलें असेल कोण जाणे.

ह्याच फेअरबर्ननें म्हातारपणीं, १८६१ सालीं, गिरण्यांच्या बांधणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां जुना सर्वज्ञ मिलराइट जवळ जवळ नाहींसा झाला होता. मॉड्स्ले, रॉबर्ट्स, व्हिटवर्थ ह्यांच्या यंत्रांनीं तें घडवून आणलें. पूर्वीं छिनी व कानस घेऊन जो पृष्ठभाग हातानें सपाट करावा लागे तो आतां यंत्र करूं लागलें. व्हिटवर्थनें १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांचें एक माप सुचविलें, आणि पुढें एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसूं लागला. एका माणसाचे चार माणूस झाले: टर्नर, फिटर, सांचे करणारा, जोडणी करणारा. १८१४ सालीं सात वर्षांच्या उमेदवारीची सक्तीही कायद्यांतून गेली. १८५१ सालीं इंग्लंडांत यंत्रकामगारांचा मोठा संघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्या लांबलचक नांवांत मिलराइट हा शब्द होता खरा, पण इतर अनेकांच्या रांगेंत.

आतां मुंबईकडे वळूं. इंग्लंडांतून कारागिरांनीं परदेशीं जाऊं नये असा निर्बंध १८२४ पर्यंत होता, आणि कताई-विणाईचीं यंत्रें बाहेर धाडण्याची बंदी १८४३ सालीं उठली. ही तारीख ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनीं, १८५४ सालीं, कावसजी दावर ह्यांनीं ताडदेव येथें मुंबईची पहिली सूतगिरणी काढण्यासाठीं मंडळी स्थापिली, आणि १८५६ सालीं तींत सूत निघूं लागलें. यंत्रें लँकेशायरचीं, आणि तीं मांडणारे हातही लँकेशायरचेच.

परंतु आपल्या लोकांना यंत्राचें ज्ञान तोंवर मुळींच नव्हतें, असा समज करून घेणें चूक होईल. मुंबईची गोदी होती. तेथें वाडिया घराण्यांतील पारशी सुतार कित्येक पिढ्या साहेबांचीं जहाजें बांधीत आले होते. त्याच घराण्यांतील अर्देशर कर्सेटजी वाडिया हे १८०८ सालीं जन्मले. लांकडावरून त्यांचें मन वाफेकडे गेलें. १८३४ सालीं त्यांनीं आपल्या बंगल्यांत कोळशाच्या वायूचे दिवे लावून दाखविले. पुढें विलायतेस जाऊन ते यंत्रविद्या पाहून आले. आणि १८४१ सालीं मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्यावर मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना आपले सभासद करून घेतलें. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. गोऱ्या कारागिरांवर काळा साहेब हें दृश्य त्या वेळीं पुष्कळांना रुचलें नाहीं. सुताराचा पुढें यंत्रज्ञ होतो, हा जो क्रम इंग्लंडांत ब्रिंडले-रेनींनीं दाखविला, तोच मुंबईंत वाडियांनीं दाखविला. केवळ ओढ्याच्या जागीं समुद्र होता.

तरीही गिरण्यांतील वरच्या जागा दीर्घ काळ विलायती माणसांकडेच राहिल्या. १८९५ सालीं मुंबईच्या गिरण्यांतील देखरेखीच्या व तांत्रिक जागांपैकीं शेकडा सुमारें ४२ जागा युरोपियनांच्या हातीं होत्या. १९२५ सालीं हें प्रमाण शेकडा २८ वर आलें. उरलेल्या जागांत पारशी मंडळींचा भरणा मोठा. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला मराठा गडी सांच्यावर उभा राही, धोटा बदली, तुटलेला धागा जोडी. पण सांचा उघडण्याचा अधिकार त्याचा नव्हता. तो जॉबरचा. जॉबर म्हणजे केवळ माणसें भरणारा मुकादम असें आपण समजतों, परंतु आपल्या ओळींतील सांचे चालते ठेवणें, पट्टा ताणणें, बिघाड ओळखणें हेंही त्याच्याकडेच असे. त्याचा रुबाब नेमणूक करण्याच्या सत्तेंतून आला हें खरें. पण त्याखालीं पान्याचा आधार होता.

गिरणींतील मेकॅनिक खात्यांत शिरण्यासाठीं परीक्षा नव्हती. काका, मामा किंवा गांवचा कोणी तेथें असेल तर पोराला मिस्त्रीच्या हाताखालीं उभें करीत. पहिलीं वर्षें तेल घालण्यांत व पाने पुसून ठेवण्यांत जात. मिस्त्री तोंडानें फारसें शिकवीत नसे. पोरानें पाहून उचलावें, अशी रीत. बेअरिंगला हात लावून तें किती तापलें आहे, शाफ्टाचा आवाज कोणत्या जागीं बदलतो, हें कागदावर मांडतां येण्यासारखें नव्हतेंच. हें ज्ञान पिढीजात होई आणि त्याबरोबर जागाही पिढीजात होई. ज्याचा काका आंत नाहीं त्याला दार बंद! लंडनमध्यें संघाची चिठ्ठी लागे, येथें नात्याची.

पहिलें उघडें दार कायद्यानें केलें, हें सांगण्यासारखें आहे. १८६३ सालीं कलकत्त्यास एक बाष्पपात्र फुटून कित्येक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि पुढच्याच वर्षीं बंगालांत बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. मुंबई इलाख्यानेंही तोच मार्ग धरला, आणि बॉयलर व इंजिन सांभाळणाऱ्यास परीक्षेचें प्रमाणपत्र घ्यावें लागूं लागलें. प्रमाणपत्राला जात नव्हती आणि काकाही नव्हता. मग १८८७ सालीं मुंबईंत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तीच संस्था १९२३ सालीं भायखळ्याहून माटुंग्यास गेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचें नांव धारण करते. १८९० सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें कलाभवन निघालें.

शाळा निघाल्या, मुलें आलीं, परंतु नोकऱ्यांचा प्रश्न सुटला नाहीं. जीं मुलें येत तीं लिहिणाऱ्या घरांतलीं. त्यांना आकृति सुरेख काढतां येई, पण घण उचलण्याचा प्रसंग आला कीं कारखानदार म्हणत, हा बाबू आमच्या काय उपयोगाचा? आणि मिस्त्रीच्या हाताखालचा पोर घण उचली, पण आकृति त्याला वाचतां येत नसे. हें दुखणें इतकें वाढलें कीं, १९१२ सालीं कर्नल ॲटकिन्सन व डॉसन ह्या दोघांना सरकारनें देशभर फिरवून तांत्रिक शाळा व कारखानदार ह्यांची गांठ कशी घालून द्यावी ह्याची चौकशी करविली. कारखानदारांनीं त्यांच्यापुढें मांडलेलें गाऱ्हाणें हेंच, कीं आम्हांस हातानें काम केलेला माणूस पाहिजे.

हीं दोन्हीं टोकें एका माणसानें आपल्याकडे जोडून दाखविलीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, पण रंग ओळखण्यांत दृष्टि कमी पडली, म्हणून यंत्रांच्या आकृति काढूं लागले, आणि ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथून बेळगांवीं सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचीं यंत्रें, मग लोखंडी नांगर. पहिले ४० नांगर विकावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथें जवळपासच्या खेड्यांतील निरक्षर माणसें भट्टीवर व लेथवर तयार झालीं. नात्याची चिठ्ठी नाहीं आणि पदवीही नाहीं. काम करतां येतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

१९१५ सालीं खोपोलीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. मोठीं वाफेचीं इंजिनें एकामागून एक थंडावलीं; पुढें प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, तशी फेअरबर्नच्या शाफ्टांची छतावरील रांगही उतरली. शाफ्ट ओळंब्यांत बसविणें हें ज्याचें आयुष्यभराचें कौशल्य, त्याचें काय झालें? ज्यानें विजेचीं जोडणी शिकून घेतली तो टिकला. ज्याला तें साधलें नाहीं तो तेलवाल्याच्या कामावर उतरला. यंत्र बदललें तरी दुरुस्ती करणाऱ्याला मरण नाहीं, असें मोठ्या विश्वासानें सांगितलें जातें. धंद्यापुरतें तें बरोबर आहे. एकेका माणसापुरतें नेहमींच बरोबर ठरलेलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें मात्र भाव एकदम वाढविला. १९४० सालीं हिंदुस्थान सरकारनें तांत्रिक शिक्षणाची युद्धकालीन योजना काढली, आणि १९४१ पासून बेव्हिन ह्यांच्या योजनेनुसार येथील तरुण कामगारांच्या तुकड्या फिटर-टर्नरचें शिक्षण घ्यावयास विलायतेस जाऊं लागल्या. त्या पायावरच १९५० सालीं कारागीर-शिक्षणाची योजना आणि तिच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ सालीं उमेदवारीचा कायदा झाला. आज फिटरचा वर्ग दोन वर्षांचा आहे, प्रवेशाला दहावी लागते, आणि काका लागत नाहीं.

मग १९८२ चा जानेवारी आला. सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर असा कधीं मिटलाच नाहीं. गिरण्या बंद पडत गेल्या, धुराडीं पडलीं, त्यांच्या जागीं मनोरे उठले. त्या वेळीं सांचेवाल्याच्या हातांतील कसब कापडाशीं बांधलेलें होतें, आणि फिटरचें तसें नव्हतें. पंप, कॉम्प्रेसर, गिअरपेटी हीं औषधांच्या कारखान्यांतही तींच असतात. पण पन्नाशीच्या फिटरला नवीन दारांत कोण उभें करणार? त्याच्यापाशीं प्रमाणपत्र नव्हतें. मिस्त्रीनें कधीं दिलेंच नव्हतें. चाळीच्या खोलींत बसून मिक्सर व पंखे दुरुस्त करणाऱ्या अशा हातांनीं एके काळीं शेंकडों चात्यांच्या रिंगफ्रेमी जुळविल्या होत्या.

एक दार आणखी राहिलें. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत असें कलम होतें कीं, चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करावयाचें तर तें खास शिकविलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषानेंच करावें. पट्ट्यांत पदर वा धोतर अडकून जीव जात, म्हणून हेतु चांगला; पण ह्या धंद्याच्या गाभ्यांतून स्त्रीला त्या एका शब्दानें वगळलें गेलें. पट्टे गेले, यंत्रांवर झांकणें आलीं, तरी तो शब्द कित्येक दशकें राहिला. २०२५ च्या नोव्हेंबरांत नवी कामगार-संहिता अमलांत येऊन त्या जुन्या कायद्याची जागा तिनें घेतली. फिटरच्या वर्गांत मुली आज दिसतात. थोड्या, पण दिसतात.

अमेरिकेच्या सरकारी कामगार-सांख्यिकी खात्यानें यंत्र-मेकॅनिक व मिलराइट ह्यांची गणना सरासरीपेक्षां पुष्कळ वेगानें वाढणाऱ्या धंद्यांत केली आहे. जुनीं माणसें निवृत्त होत आहेत, आणि कारखान्यांत यांत्रिक हात जितके वाढतात तितके ते बिघडणारही. काम मात्र पालटलें आहे. दोरा व ओळंबा ह्यांच्या जागीं लेसरचा किरण आला; शाफ्टाचा आवाज कानानें ऐकण्याऐवजीं कंपनाची नोंद पडद्यावर उमटते; हायड्रॉलिक, वीज आणि नियंत्रक संगणक हीं तिन्हीं एकाच माणसाला थोडीथोडी यावीं लागतात. म्हणजे १८५० च्या सुमारास ज्याचे चार तुकडे झाले त्याला पुन्हां एकत्र जोडण्याची खटपट चालू आहे. ब्रिंडलेच्या धन्याप्रमाणें आजचे कारखानदारही असा माणूस आयता मागतात. परंतु त्याला घडवावयास सात नाहीं तरी चार-पांच वर्षें लागतात, आणि तीं वर्षें पगार देऊन त्याला हाताखालीं उभा करावयास फार थोडे तयार असतात. उमेदवार म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर राबवून घेऊन घरीं पाठविण्याची चाल कोठें कोठें आहे. तेव्हां मुलाला ह्या वाटेला लावतांना कारखान्याचें नांव विचारण्याआधीं त्याला तेथें कोणाच्या हाताखालीं उभें करणार, यंत्र उघडूं देणार कीं नुसतें पुसूं देणार, हें विचारून घ्यावें.